टेकू

उमरखाडीतल्या आमच्या चाळीला
बारा लाकडी टेकू होते.
बाबा, हनोख वाकरूळकर, माझगाव गोदीत सुतार,
घरी आले की डबा खाली ठेवण्याआधी
एकेका टेकूवर थाप मारून बघत,
म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.
भेगांवर त्यांनी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या,
दोन टोकांना प्लास्टरचे ठिपके, खाली तारीख.
काच तडकली की समजायचं, भिंत चालतेय.
त्यावर ते बोलत नसत फार.
जेवताना एवढंच म्हणत: तिसरी गेली.

मग अब्शालोम झिराडकर बोलू लागला.
त्याच्या स्वप्नात एलियाहू हन्नाबी आला होता
आणि म्हणाला होता, ही वास्तू पडायची नाही.
दोन वर्षांत नवी इमारत,
प्रत्येकाला खिडकीसकट स्वयंपाकघर.
गच्चीवर मालिद्याचं ताट मांडलं,
पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं,
आणि घरटी पाचशे रुपये.
पावती? देवाकडे पावती मागतात का?

त्याचा आवाज चांगला होता, हे सांगायला हवं.
तो प्रार्थना म्हणू लागला की
पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटायचं.
बाबांचा आवाज करवतीसारखा,
आणि बातमीही तशीच.

एकदा मीटिंगमध्ये बाबांनी
रुमालातून काचेचे तुकडे आणून दाखवले.
कोणी म्हणालं, दिवेलागणीला अभद्र बोलू नये.
कोणी म्हणालं, याला ठेकेदार पैसे देत असणार.
अब्शालोम उठला. जिन्याखालचा
सगळ्यात बारीक टेकू हलवून हलवून काढला,
दगडी पायरीवर आपटून दोन तुकडे केले.
"असं मोडेल तुमचं भय!"
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
मी अकरा वर्षांची होते
आणि मला खिडकी हवी होती.

बाबा म्हणाले, "आमेन. तुझं खरं होवो."
टोमणा नव्हता तो. मी त्यांचा चेहरा पाहिलाय.
मग वर जाऊन दिवा न लावता बसले.

मोठेपणी शास्त्रात मला हे सगळं सापडलं:
मानेवर लाकडी जू घेऊन नगरात हिंडणारा एक,
ते काढून मोडणारा दुसरा,
दोन वर्षांचा वायदा,
आणि पहिला, मोकळ्या मानेने,
गुपचूप आपल्या वाटेने चालता झालेला.
मी तिथेच थांबले. पुढचं वाचवेना.
त्याला ठाऊक नव्हतं का?
की त्यालाही क्षणभर वाटलं,
आपणच खोटे ठरलो तर किती बरं होईल?

आणखी एका संदेष्ट्याने
गोड भाकितं करणाऱ्यांना गवंड्यांत काढलंय:
कच्च्या भिंतीला चुना लावणारे.
मराठीत याचा अर्थ सांगावा लागत नाही.

अब्शालोमने वर्गणीतून चाळ रंगवली.
बाहेरून. पिवळी.
बाबांच्या काचा रंगाखाली गेल्या, तारखाही.

किपूरच्या आधीच्या शनिवारी मागचा जिना कोसळला.
शेगुलाबाई पायरीवर पाय पसरून बसली होती.
शब्बाथ होता, काम नव्हतं.

मग लोखंडी टेकू आले,
सरकारी, नंबर घातलेले.
ते कोणालाच हलवता आले नाहीत.

शास्त्रात तो लबाड त्याच वर्षी मरतो, सातव्या महिन्यात.
आमच्याकडे सातव्या महिन्यात गेली ती शेगुलाबाई.
अब्शालोम ठाण्यात आहे. गुडघा बदलून घेतलाय.
बाबा गेले तेव्हा सगळ्यात मोठा हार त्याचाच होता.

परवा एका लग्नात भेटला.
माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला,
"सगळं चांगलं होणार तुझं, पोरी."
त्याच आवाजात.
आणि माझ्या आतलं, काय सांगू,
अकरा वर्षांचं काहीतरी
टाळी वाजवायला उठलं.